तिसऱ्या नमुन्याची भेग

१

पेटी लाकडी होती. आत हिरव्या बनातीचं अस्तर आणि तीन खण. पहिल्या दोन खणांत तळहाताएवढे पोलादाचे तुकडे नीट झोपवलेले होते. तिसरा खण रिकामा होता.

"तिसरा कुठे गेला?" मी विचारलं.

तुकडा कुठे कोपऱ्यात लपून बसला असेल अशा थाटात तोगाशींनी पेटीत डोकावून पाहिलं. उत्तर जपानमधल्या मुरोरानच्या त्या धातुपरीक्षण केंद्राचे ते प्रमुख. निवृत्तीला टेकलेले, केस चापून बसवलेले, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी.

"असायला हवा होता," ते म्हणाले. "ही पेटी चाचण्या घेणाऱ्या उजीइएंकडे असायची. ते जानेवारीत गेले. आता गेलेल्या माणसाला कुठे विचारायला जाणार, निवासान?" आणि त्यांनी गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

मी निवा, अपघात चौकशी मंडळाची. फेब्रुवारीत डोंगरावरच्या बर्फाच्या उतारावर, घसरायला आलेल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टची एक खुर्ची तारेवरून सुटून खाली आली होती. खुर्चीत कोहारु शिरातोरी होती, एका टोफूवाल्याची एकोणीस वर्षांची मुलगी; ती त्यात गेली. खुर्चीला तारेवर धरून ठेवणारी पोलादी पकड मधोमध तुटली होती. पकड नवीकोरी, हिवाळ्याच्या तोंडावर बसवलेली. आणि तिचं पोलाद उत्तम आहे असा अहवाल याच केंद्राने दिला होता. तीन नमुने तपासले, तिन्ही पास.

पोलाद सहसा एका झटक्यात तुटत नाही. ते थकतं. ताणा, सोडा, पुन्हा ताणा, पुन्हा सोडा, असं लाखो वेळा झालं की त्यात केसाएवढी भेग पडते आणि मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागते. ती किती वेगाने सरकते हे मोजायचं काम इथे चालतं. नमुन्याला आधी पांढरा रंग देतात, त्यावर हाताने काळ्या रंगाचा बारीक फवारा मारतात. मग यंत्र नमुना ताणत राहतं आणि कॅमेरा फोटो काढत राहतो. भेग पुढे गेली की तिच्या वरचे नि खालचे ठिपके एकमेकांपासून दूर सरतात. त्यावरून संगणक भेगेचं टोक कुठवर आलं ते सांगतो.

कॅमेऱ्याच्या खोलीत वाकुई नावाचा तिशीतला माणूस बसला होता. उजीइए इस्पितळात गेल्यापासून कॅमेरा त्याच्याकडे आलेला. खोली छोटी, एका बाजूने काचेची. पाहुण्यांनी काचेबाहेरून बघायचं, आत यायचं नाही, अशी पाटी होती. मला आत घेतानाही त्याने नाक मुरडलं.

नमुना बसवायच्या जागेखाली बोटाएवढी पोलादी मोजपट्टी चिकटवली होती. प्रत्येक फोटोत ती यायचीच, म्हणजे फोटोतलं अंतर खऱ्या मापात मोजता येतं. तिच्यावरचा तीनचा आकडा अर्धा उडालेला होता.

"हे कशाने झालं?"

"माझ्याच हातून," वाकुई म्हणाला. "डिसेंबरच्या साफसफाईत थिनरचा बोळा लागला. उजीइएसान असते तर माझी सालं काढली असती. पण ते तोवर इस्पितळात पडले होते, म्हणून वाचलो." तो हसला. मला हसू आलं नाही.

"ऑक्टोबरच्या चाचण्यांचे सगळे फोटो आहेत?"

"आहेत ना. आजवर कुणी मागितले नाहीत. अहवालात नुसता आलेख जातो, भेगेची लांबी नि ताणांची संख्या. फोटो बघत बसायला वेळ कुणाला असतो?"

दुपारी तोगाशी मला जेवायला घेऊन गेले. या शहरातली याकितोरी म्हणजे काडीला टोचून भाजलेलं डुकराचं मांस, कांदा आणि वर भरपूर मोहरीची चटणी. ते चवीनं खात होते आणि खाता खाता बोटं चोखत होते.

"मला त्या फोटोंतलं ओ की ठो कळत नाही बघा," ते म्हणाले. "मी आलेख बघतो आणि सही करतो. ते फोटो मी आजवर उघडूनसुद्धा बघितले नाहीत. अहवालाला जरा उशीर झाला, नवीन वर्ष उजाडलं, तेवढं मान्य. उजीइए आजारी पडले, काय करणार."

"तिन्ही नमुने एकाच लगडीतले ना?"

"एकाच. पण पोलाद मोठं लहरी असतं. सख्खे भाऊ असावेत तसं. पहिल्याची भेग वर चढते, तिसऱ्याची खाली उतरते." त्यांनी काडीवरचा शेवटचा तुकडा दातांनी ओढून काढला. "आणखी मागवू?"

मी नको म्हटलं. त्यांच्या हनुवटीला मोहरी लागली होती आणि मला तिकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी केंद्रातून निघताना मी पहिल्या आणि तिसऱ्या नमुन्याचे आलेख एकावर एक ठेवून उजेडात धरले. भेग वाढता वाढता मध्येच एकदा थबकते, मग पुन्हा चालू लागते. पहिल्याची जिथे थबकली होती, नेमकी तिथेच तिसऱ्याचीही थबकली होती.

२

लहर आणि नक्कल यांत फरक असतो. सख्ख्या भावांनाही ठेच एकाच दगडाची लागत नाही.

पण फोटोंवर नजर टाकली तर दोन्ही वेगळे दिसत होते. पहिल्या नमुन्यातली भेग डावीकडून निघून शेवटाला वर वळली होती, तिसऱ्यातली खाली. ठिपक्यांची नक्षी निराळी. आणि ठिपके म्हणजे बोटांचे ठसेच. हाताने उडवलेला फवारा दोन नमुन्यांवर सारखा पडणं शक्य नाही. मी दोन्हींचे मोठे छाप काढून आणले आणि मी उतरले होते त्या खोलीच्या उंच खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवले.

मे महिन्यात समुद्रावरून धुकं येतं आणि सगळं ओलसर होतं. सकाळी उठले तर पहिल्या नमुन्याचा कागद वरून सुटला होता. फक्त खालच्या चिकटपट्टीवर लोंबत होता, डोकं खाली, पाठ माझ्याकडे. मागून उजेड येत होता, त्यामुळे छाप पाठीवरूनही स्पष्ट दिसत होता. भेग डावीकडून निघून शेवटाला खाली वळत होती.

मी चहाचा कप खाली ठेवला.

शेजारी तिसऱ्या नमुन्याचा कागद होता. मी एकेक ठिपका ताडून पाहायला लागले. भेगेच्या टोकाशी घोड्याच्या नालासारखा पाच ठिपक्यांचा झुबका, त्याच्याखाली एक लांबुळका डाग, त्याला लागून जरा मोकळी जागा. पहिल्याच्या पाठीवर जे होतं तेच तिसऱ्याच्या तोंडावर होतं. तिसऱ्या नमुन्याचे फोटो म्हणजे पहिल्याचेच फोटो, वरची बाजू खाली करून आरशासारखे उलटवलेले. शेवटची एक-दोन मापं जरा हलवली होती, बस्स.

याचा अर्थ तिसऱ्या नमुन्याची चाचणी एक तर झालीच नव्हती, नाहीतर झाली होती आणि ती कुणाला दाखवायची नव्हती.

३

त्याच दुपारी मी सगळ्यांना केंद्राच्या सभागृहात बोलावलं. तोगाशी, वाकुई आणि पकडी ओतणाऱ्या कारखान्याचे गुणवत्ता अधिकारी हानावा. हानावा हे गोल चेहऱ्याचे, मऊ हातांचे गृहस्थ. येताना गोड पावांचा डबा घेऊन आले आणि तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी तो परत सरकवला.

मी छाप मांडून दाखवले. मग तोगाशींनी खिशातून घडीचा रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

"मला हीच भीती होती," ते म्हणाले. "उजीइए शेवटी शेवटी पार खचले होते. पोटात कळा यायच्या, उभं राहवत नव्हतं. तिसरी चाचणी झेपली नसेल, आणि तसं सांगायची लाज वाटली असेल. म्हणून बिचाऱ्यांनी हा मार्ग धरला. तुकडाही त्यांनीच कुठेतरी टाकून दिला असणार."

"फाइलींवर तारीख ऑक्टोबरची आहे," वाकुई खाली बघत म्हणाला.

"संगणकातली तारीख कुणालाही बदलता येते," मी म्हटलं.

"तेव्हा उजीइएच कामावर होते ना," तोगाशी म्हणाले. "जुळतंच आहे की सगळं."

हानावांनी मान हलवली. "आमचीही फसवणूकच झाली म्हणायची." आणि त्यांनी पिशवीतून निवेदनाचा छापील मसुदा काढला. त्यात दुःख होतं, खेद होता, दिवंगत कर्मचाऱ्याच्या चुकीचा उल्लेख होता. मी छाप दाखवून चहा पिण्याइतकाही वेळ झाला नव्हता आणि मसुदा टंकून, छापून, दुमडून तयार होता.

अंगावर झुरळ चढावं तसं मला झालं. पण तयार मसुदा हा पुरावा होत नाही. त्या संध्याकाळी मी एवढंच केलं, त्या लगडीच्या पकडी बसवलेल्या सगळ्या लिफ्ट बंद करायचा हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी वाकुईचा फोन आला. "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. प्रमुख आज उजीइएसानच्या बायकोला घेऊन शिरातोरींच्या घरी गेलेत. माफी मागायला."

४

मी पोचले तेव्हा टोफूच्या दुकानाची फळी अर्धी उघडी होती. आत मोठ्या पिंपांत पाणी होतं पण टोफू नव्हता. शिरातोरींनी मुलगी गेल्यापासून सोयाबीन भिजत घातलं नव्हतं, असं शेजारीण म्हणाली.

दुकानाच्या ओल्या सिमेंटवर एक बाई गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून बसली होती. सानाए उजीइए. काळा पोशाख, पांढरे होत आलेले केस. तिच्या मागे एक पाऊल सोडून तोगाशी उभे होते, कमरेत वाकून. त्यांचे गुडघे कोरडे होते.

"माझ्या नवऱ्यामुळे तुमची लेक गेली," सानाए म्हणत होती. "त्यांना क्षमा करा असं मी म्हणत नाही. मला काय शिक्षा करायची ती करा."

शिरातोरी हातातल्या फडक्याला पीळ घालत उभे होते. मग ते म्हणाले, "उठा बाई. जमीन ओली आहे."

"फार सच्च्या मनाच्या आहेत उजीइएंच्या ओकुसान," तोगाशी मध्येच म्हणाले. "मी म्हटलं, नुसतं पत्र कशाला पाठवायचं, आपण जाऊनच येऊ."

मी सानाएला बाहेर बोलावलं. तोगाशी मागोमाग यायला लागले, तेव्हा त्यांना गाडीपाशी थांबायला सांगितलं.

"नवऱ्याने हे केलं असं तुम्हाला वाटतं?" मी विचारलं.

"आधी नाही वाटलं. पण मग आठवलं." ती बाहीने कपाळावरचं पाणी पुसत होती. "इस्पितळात शुद्धीत असले की एकच घोकायचे. तिसऱ्याचं कळवलं का, विचार त्यांना, तिसऱ्याचं कळवलं का. मला वाटायचं भ्रमात बोलताहेत. तोगाशीसानना सांगितलं तर ते म्हणाले, ओकुसान, हे ओझं त्यांच्या मनावर होतं. मग माझी खात्रीच पटली."

"काय कळवायचं होतं, ते बोलले का?"

"नाही. मी विचारलंच नाही." ती गाडीकडे बघत म्हणाली, "तोगाशीसाननी खूप केलं हो आमच्यासाठी. अंत्यविधीला भाषणही त्यांनीच केलं."

शिसारी हा शब्द मी आयुष्यात फार कमी वेळा वापरलाय. त्या दिवशी तो घशापर्यंत आला.

परतीच्या गाडीत मी तिसऱ्या नमुन्याचे फोटो पुन्हा उघडले. या वेळी भेगेकडे पाहिलंच नाही. फोटो उलटवला तर त्याच्याबरोबर मोजपट्टीही उलटायला हवी होती, आकडे डोक्यावर उभे राहायला हवे होते. पण ते सरळ होते. म्हणजे मोजपट्टी वेगळी आणून चिकटवली होती.

मी ती मोठी केली. एक, दोन, आणि मग अर्धा तीन.

५

"डिसेंबरच्या साफसफाईपर्यंत हा तीन शाबूत होता," मी म्हटलं. तेच सभागृह, तेच तिघं, पुन्हा गोड पावांचा डबा. "पहिल्या नमुन्याच्या फोटोंत तो पूर्ण दिसतो. तिसऱ्याच्या फोटोंत अर्धा आहे. तेव्हा हे फोटो साफसफाईनंतर बनले. उजीइए तोवर इस्पितळात होते आणि तिथून परत आलेच नाहीत."

वाकुईचा चेहरा पांढरा पडला. तोगाशींनी लगेच त्याच्याकडे मान वळवली, दुःखी चेहरा करून. "वाकुई? कॅमेरा तर तुझ्याकडे..."

"वाकुईने केलं असतं तर खराब पट्टी वापरली नसती," मी म्हटलं. "आकडा त्याच्याच हातून उडाला होता. तो कधी उडाला ते त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक? मला ते त्याने आपण होऊन सांगितलं. ज्याला हा आकडा दिसलाच नाही अशा माणसाचं हे काम आहे. पहिल्या फोटोतलीच पट्टी त्याला कापून सरळ करता आली असती. पण दोन्हींकडे पट्टीवरची चकाकी एकसारखी दिसेल म्हणून त्याने नवा फोटो काढला. तिथे अतिशहाणपण नडलं."

"मला तर त्या खोलीत पायही टाकू देत नाहीत," हानावा घाईघाईने म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही काचेबाहेरचे." मी तोगाशींकडे वळले. "पहिल्या दिवशी जेवताना तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. फोटो आजवर उघडून पाहिले नाहीत, ही पहिली. आणि पहिल्याची भेग वर चढते, तिसऱ्याची खाली उतरते, ही दुसरी. आलेखात फक्त लांबी असते, तोगाशीसान. भेग वर गेली की खाली, ते आलेखात दिसत नाही. फोटो केंद्राबाहेर गेले नव्हते आणि मीसुद्धा तेव्हा ते पाहिले नव्हते. मग तुम्हाला कळलं कुठून?"

गोळी गालात थांबली. मग ते हळूच हसले. "उजीइएंनीच सांगितलं असेल. त्यांनी चाचणी घेतली होती ना."

"म्हणजे चाचणी झाली होती तर. परवा तुम्ही म्हणालात, झेपलीच नसेल."

मी हानावांसमोर खुर्ची ओढून बसले. "मसुदा आधीच तयार ठेवलात, म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं. खरा तिसरा तुकडा ज्याने हातात घेतला असेल तोच सांगू शकेल, त्यातली भेग कशी होती. वर, की खाली? नीट विचार करा. तिथे खोटं बोललात तर तो गुन्हा मग तुमच्या एकट्याच्या नावावर राहील."

हानावांनी विचार फार केला नाही. बुडत्या नावेतून उंदीर उडी मारतो तसे ते बोलले. "सरळ. सरळ होती. काच तडकावी तशी आरपार. पोलादात भट्टीतली मळी अडकली होती. उजीइएंनीच दाखवली आम्हाला, म्हणाले, पकडी ताबडतोब परत मागवा, डोंगरमालकांना कळवा. मग ते आजारी पडले. तोगाशीसान म्हणाले, मी बघतो. तुकडा मी भट्टीत टाकला, पण फोटो मी नाही केले. माझा त्याच्याशी काही संबंध नाही."

म्हणजे खाली वळणारी भेग जगात एकाच ठिकाणी होती, त्या उलटवलेल्या फोटोंत. आणि तिसऱ्याचं कळवलं का, हा भ्रम नव्हता, ओझंही नव्हतं. मरणाऱ्या माणसाने शेवटपर्यंत केलेली चौकशी होती ती.

"निवृत्तीनंतर कारखान्यात सल्लागाराची खुर्ची ठरली होती ना तुमची?" मी तोगाशींना विचारलं.

"हो." त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. रुमाल काढला, गोळी त्यात थुंकली आणि रुमालाची नीट घडी घातली. "मोसम तोंडावर आला होता. सगळ्या पकडी काढल्या असत्या तर कारखाना बसला असता. तिथे किती घरं पोसली जातात, माहितेय? इतर पकडी टिकल्याच ना? आणि उजीइएंचं म्हणाल, तर गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? त्याला ना नोकरी, ना पेन्शन, ना तोंड लपवायचं. दोष कुणाच्या तरी माथी जायचाच होता. ज्याला दुखत नाही त्याच्या माथी घातला. तुम्ही शांतपणे विचार केलात तर पटेल तुम्हाला."

त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. त्यात मला सगळ्यात जास्त किळस आली.

वाकुई इतका वेळ नखं कुरतडत होता. मी त्याला विचारलं, "फोटोंतला तीन अर्धा आहे, हे तुला कधी दिसलं?"

"तुम्ही उलटे छाप दाखवलेत, त्याच दिवशी."

"आणि गप्प बसलास?"

"मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला.

पोलीस दारात आले तेव्हा तोगाशींनी त्यांना वाकून नमस्कार केला, अगदी मापात, आणि कोट चढवला. टेबलावरचा गोड पावांचा डबा कुणीतरी आधीच उघडलेला होता.

६

सानाए उजीइएचं घर बंदराच्या वरच्या चढावर आहे. मी गेले तेव्हा ती भांडी घासत होती. मी ओट्यापाशीच उभी राहून सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. तिने नळ बंद केला.

आतल्या खोलीत, नवऱ्याचा फोटो ठेवलेल्या देव्हाऱ्याची दारं लावलेली होती. ती म्हणाली, "आधी मी सकाळी दार उघडून त्यांना बोल लावायचे. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, असं कसं केलंत, म्हणायचे. मग काल दारच लावून टाकलं. म्हटलं, तोंड बघायला नको."

"तुमच्या मनात ते कुणी भरवलं, ते आता सगळ्यांना कळेल," मी म्हटलं. "शिरातोरींना मी स्वतः सांगितलंय. ते म्हणाले, त्या बाईला ओल्या जमिनीवर बसवलं, ते बरं नाही झालं."

तिने मान हलवली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. ओट्याच्या कडेवर तिने हात टेकले.

"शिरातोरींकडे जाताना गाडीत मला मळमळत होतं," ती म्हणाली. "तोगाशीने गाडी थांबवली. संत्रं सोललं, वरचे धागेसुद्धा काढले, आणि एकेक फोड हातात देत गेला. खा ओकुसान, बरं वाटेल, म्हणाला. सगळं माहीत होतं त्याला तेव्हा. आणि मी ते खाल्लं हो. थँक्यू म्हणून खाल्लं."

तिने नळ पुन्हा सोडला, ओंजळ भरली आणि चूळ भरली. मग दुसरी. मग तिसरी. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, पण तिने खांदा आक्रसून घेतला. म्हणून मी नुसती उभी राहिले, आणि ती चुळा भरत राहिली.